बदाम किती भिजवायचे?

मे महिना लागला की आमच्या दारात संध्याकाळी चपला वाढतात. माझा मुलगा शाळेत खेळाचा शिक्षक आहे, आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत पोरांना मॅटवरची कुस्ती शिकवतो. आजूबाजूच्या गावांतून आई-बाप लेकराला घेऊन चौकशीला येतात. बाप ओसरीवर खुर्चीच्या टोकाला बसतो, पोरगं खांबाला धरून उभं राहतं आणि आई सरळ माझ्या स्वयंपाकघरात येते. गेल्या आठवड्यात असंच एक जोडपं आलं. मुलगा अकरा वर्षांचा, त्याच्या पाठीमागे आठ वर्षांची बहीण. बाहेर बाप विचारत होता, "सर, पोरगं इंटरनॅशनल खेळंल का?" आणि आत त्या बाई हळू आवाजात मला विचारत होत्या, "काकू, बदाम किती भिजवायचे ओ?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. चहा टाकला आणि बोलत बसले. त्या संध्याकाळी जे बोलले, आणि एसटीची वेळ झाली म्हणून जे बोलायचं राहिलं, ते सगळं आज लिहायला घेतलं आहे. तुमच्या घरात कुस्तीचं वेड लागलेलं लेकरू असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

आम्ही कराडच्या अंगाची माणसं. इथे पोरगं लंगोट बांधायला शिकलं की त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतात. गोळेश्वर हे त्यांचं गाव कराडच्या अगदी शेजारी. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो वजनात, फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, तेही टेनिसमध्ये. खाशाबा परत आले तेव्हा शे-दीडशे बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली. आमच्याकडे गोष्ट बहुतेक इथेच संपते, आणि ऐकणारा बाप आपल्या पोराला त्या बैलगाडीत बसलेलं बघायला लागतो. आमच्या घरातही तेच झालं. म्हणून त्या मिरवणुकीच्या अलीकडचं आणि पलीकडचं थोडं सांगते.

खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. तरी मुलाची शाळा सुटली नाही. कराडचं टिळक हायस्कूल झालं, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते ५२ किलो गटात. तोवर सगळी कुस्ती तांबड्या मातीतली, गादीची सवय नाही. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते ५७ किलोत उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. सोव्हिएत युनियनच्या आणि जपानच्या मल्लाकडून हरले, आणि त्याच दोघांनी रौप्य आणि सुवर्ण नेलं. या प्रवासासाठी पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि ते घर सोडवायला हातभार लावला.

आणि पुढे? पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी लागली ती १९५५ साली, पदक मिळून तीन वर्षं झाल्यावर. घर चाललं ते त्या पगारावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे मरणोत्तर. देशाला पहिलं वैयक्तिक पदक आणून देणाऱ्या माणसाचं हे असं झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण आई म्हणून मी त्यातली दुसरीच गोष्ट पदराला बांधली. मिरवणूक एका दिवसाची होती, आणि त्यानंतर बत्तीस वर्षांचं आयुष्य होतं. ते आयुष्य त्यांना जगता आलं, कारण हातात शिक्षण होतं. तुमच्या मुलाला नववी-दहावीत "शाळा नंतर बघू" असं कोणी सांगितलं, मग तो कितीही मोठा वस्ताद असो, तर तिथे मान डोलावू नका. पहाटेची मेहनत, शाळा, दुपारची झोप आणि संध्याकाळची मेहनत हे एका दिवसात बसतं. चांगले वस्ताद ते बसवून देतात.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येते. एक हिशेब मांडून बघा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला सहाच वजनगट आहेत : ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. एका गटात एका देशाचा एकच मल्ल. म्हणजे अख्ख्या भारतातून, चार वर्षांतून एकदा, फार तर सहा जण. तेही आधीच्या पात्रता स्पर्धांत जागा मिळाली तर, कारण साऱ्या जगातून एका गटात सोळाच मल्ल घेतात. हरियाणातल्या, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधल्या, आपल्या कोल्हापूर-सांगली-पुण्यातल्या, बीड-लातूरच्या तालमींतली सगळी पोरं डोळ्यांसमोर आणा, आणि त्यांच्यापुढे सहा खुर्च्या मांडा.

हे मी पोराला मागे खेचायला सांगत नाही. राहुल आवारेकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचा मुलगा, वडील पैलवान. पुण्यात हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या गोकुळ वस्ताद तालमीत घडला, पुढे काका पवारांच्या हाताखाली. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवलं आणि ते दिवंगत बिराजदार मामांना वाहिलं. २०१९ साली नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या मल्लाला हरवून कांस्य घेतलं. जगात पहिल्या तीन-चारांत! पण ते पदक ६१ किलोतलं होतं. जागतिक स्पर्धेत दहा वजनगट असतात, त्यातले सहाच ऑलिंपिकला जातात, आणि ६१ त्यांत नाही. ऑलिंपिकची गादी त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे तो महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला. लहानपणी मातीत उतरलेलं पोर जागतिक पदकापर्यंत पोचलं तेव्हा सत्तावीस वर्षांचं झालं होतं. मला हा मुलगा फार जवळचा वाटतो. एवढी वर्षं त्याच्या घरच्यांनी किती वेळा "यंदा नाही" हे ऐकलं असेल, आणि दर वेळी पुन्हा डबा भरला असेल.

पालकांना, विशेषतः वडिलांना, माती आणि मॅट यांतला फरक नीट सांगावा लागतो. आमचे हे जत्रेच्या मैदानातले पैलवान. त्यांच्या डोक्यात कुस्ती म्हणजे चितपट. दोघं अर्धा-पाऊण तास खडाखडी करतील, एखादा खाली जाऊन मातीला घट्ट धरून दम खाईल, आणि शेवटी कोणाची तरी पाठ लागेल. मॅटवर असं नाही. ९ मीटर व्यासाचं वर्तुळ, कडेला नारिंगी पट्टा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. समोरच्याला पटात घेऊन खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण. पाठ गादीकडे नुसती वळवली तरी दोन गुण. उचलून मारलं तर चार, अगदी उंचावरून मारलं तर पाच. पाय वर्तुळाबाहेर पडला की समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. उगाच ढकलाढकली करत वेळ काढला तर पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांत गुण घ्यावा लागतो, नाही तर तो समोरच्याला जातो. मातीत खाली गेलेलं पोर सवयीने थांबतं, श्वास घेतं, आणि मॅटवर तेवढ्या दोन श्वासांत त्याची पाठ दोनदा फिरवली जाते.

आमच्या ह्यांनी मुलाची पहिली मॅटवरची कुस्ती बघितली आणि घरी येऊन तणतणले, "पडला कुठे तो? पाठ तर लागलीच नाही!" सहा वर्षांनी त्यांना गुण मोजता यायला लागले. तुम्ही एवढा वेळ लावू नका. वडिलांना नियम कळत नसले की हरलेल्या पोराला घरी उत्तर देता येत नाही, ते बिचारं गप्प बसतं. मुलाला आठव्या-नवव्या वर्षी मातीत खेळू द्या, माती अंग घडवते, पडायला शिकवते. पण पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेची इच्छा असेल तर बारा-तेरापासून आठवड्यातले निदान काही दिवस गादीवर सराव मिळेल अशी तालीम शोधा. तिथे गेल्यावर मॅट रोज पुसतात का ते विचारा. नखं कापलेली, कपडे रोज धुतलेले, असा दंडक आहे का ते बघा. गजकर्ण एका पोराला झालं की आठवड्यात सगळ्या तालमीला होतं. आखाड्यातल्या मोठ्या मोठ्या बाता ऐकण्याआधी आईने हे बघून घ्यावं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा, चौदा वर्षांखालचा गट. वजनाचे टप्पे ३८, ४१, ४४, ४८ असे. घरच्या काट्यावर पोरगं ४२ किलो ३०० ग्रॅम भरत होतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की ४४ मध्ये मोठी पोरं असतात, ४१ मध्ये हा सहज पहिला येईल. एक किलो तीनशे ग्रॅम काय, दोन दिवसांत निघेल. आदल्या दिवशी सकाळपासून भाकरी बंद. संध्याकाळी दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या. रात्री अर्धी वाटी मुगाचं पाणी. पहाटे पाचला आम्ही स्पर्धेच्या ठिकाणी पोचलो, तर काट्यावर अजून दोनशे ग्रॅम जास्त. त्याला पुन्हा पळवलं. तो पळत होता आणि दर फेरीला माझ्यासमोरून जाताना माझ्या हाताकडे बघत होता. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, जिभेने ओले करायला गेला तर जीभही कोरडी. एका फेरीला तो थांबला आणि म्हणाला, "आई, नुसती चूळ भरू?" आणि मी म्हणाले, "वजन झाल्यावर, राजा."

वजन झालं, ४० किलो ९००. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्याने बाटली एका दमात संपवली, लगेच ओकला. पहिली कुस्ती जिंकला. दुसऱ्या कुस्तीत दीड मिनिटात त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाय आखडून तो गादीवर पडला आणि समोरच्या पोराने, त्याचा काय दोष, पाठ लावली. परतीच्या एसटीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडता म्हणाला, "आई, भूक लागली होती म्हणून हरलो हे बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटेल मी कच्चा आहे."

ज्या वयात रोज अंग वाढतं, त्या वयातल्या पोराचं अन्नपाणी मी माझ्या हाताने तोडलं होतं. कशासाठी, तर एका ढालीसाठी. त्याचं वजन पुढच्या चार महिन्यांत आपोआप ४५ झालं. तेवढे चार महिने मला थांबता आलं नाही.

वजन तोडण्याचं हे प्रकरण मोठ्यांनाही सोडत नाही, ते तुम्ही २०२४ साली पॅरिसला बघितलंत. विनेश फोगट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली. रात्रभर धडपड करूनही ते उतरले नाहीत, आणि ती स्पर्धेतूनच बाद झाली. दोन दिवसांनी अमन सहरावतने ५७ किलोत कांस्य घेतलं, खाशाबांचंच वजन. उपांत्य फेरीनंतर त्याचं वजन साडेचार किलोंहून जास्त वाढलं होतं, आणि रात्रभर जागून, घाम काढून ते दहा तासांत उतरवावं लागलं. ती जाणती माणसं होती, जवळ डॉक्टर होते, मालिश करणारे होते. तुमच्या-माझ्याकडे रेनकोट असतो. अमेरिकेत १९९७ साली तीन कॉलेजचे मल्ल महिना-सव्वा महिन्याच्या आत असेच वजन तोडताना मेले. तरणीबांड पोरं, रबरी सूट घालून तापलेल्या खोलीत व्यायाम करत होती. त्यानंतर तिथे नियम बदलले. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांत पहाटे पळणारी पोरं मी आजही बघते, आणि कडेला झाकण धरून उभी असलेली एखादी आई दिसली की मला तिथे थांबवत नाही.

म्हणून हात जोडून सांगते. वाढीच्या वयात पोराला वजनाखाली दाबू नका. ज्या गटात त्याचं खाल्लं-प्यालेलं अंग बसतं, त्या गटात खेळू दे. तिथे हरला तर हरू दे. तालमीत कोणी "दोन-तीन किलो तोडू" म्हणालं तर त्याला विचारा, आधी तुमचं लेकरू दोन दिवस पाण्याविना ठेवाल का.

दुसरी भीती पावडरची. पूर्वी खुराक म्हणजे दूध, बदाम, थंडाई, तूप, अंडी, मटणाचा रस्सा. आता गावातल्या जिममधला कोणी दादा डबा आणून देतो, म्हणतो, "हे दिलं की अंग भरतं." डब्यावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, आणि आत काय आहे ते कधी कधी लिहिलेलंही नसतं. उत्तेजक चाचणीचा नियम फार कडक आहे. शरीरात निघालं की जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं, कसं गेलं, हे त्यानेच शाबीत करायचं. आपल्या महाराष्ट्राचा नरसिंग यादव, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य, २०१६ ला रिओपर्यंत पोचला. त्याआधीच्या चाचणीत दोष निघाला. आपल्या खाण्यात कोणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला. देशातल्या संस्थेने ते मानलं, पण आंतरराष्ट्रीय लवादाने मानलं नाही, आणि कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. त्या चार वर्षांत एका मल्लाचं काय जातं, ते मल्लाच्या घरालाच ठाऊक. सर्दी-खोकल्याची गोळी घेतानाही डॉक्टरांना सांगा की मुलगा स्पर्धा खेळतो. इंजेक्शन तर कोणाच्या सांगण्यावरून नकोच नको.

मुलीला कुस्तीत घालणाऱ्या घरांचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०१६ साली साक्षी मलिकचं रिओतलं कांस्य बघून आमच्या भागातल्या किती तरी मुलींनी केस कापले. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली, सांगलीचीच पोर. पण त्याच वर्षी देशातल्या नामांकित महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसल्या होत्या, लैंगिक छळाची तक्रार घेऊन. एवढ्या मोठ्या पदकवाल्या मुलींना रस्त्यावर यावं लागलं, तर तेरा-चौदा वर्षांची आपली मुलगी कोणाला काय सांगणार? तेव्हा विचारायला लाजू नका. शिबिराला सोबत बाई प्रशिक्षक कोण आहेत? राहायची खोली कुठे? फोन जवळ असेल ना? आणि मुलीने एखाद्या दिवशी "मला तिथे जायचं नाही" म्हटलं तर ती आळस करते असं धरून चालू नका. जवळ बसा, विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना.

खर्चाचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही सगळे ते जाणता. तालमीत राहणारा मुलगा म्हणजे दूध, खुराक, बूट, प्रवास, असा महिन्याचा मोठा खड्डा. अर्धा एकर विकून पोराला पैलवान करणारी घरं मी बघितली आहेत. नका विकू. मुलाला कळतं, त्याच्या पाठीवर कुस्ती खेळताना ती जमीन असते.

माझा मुलगा इंटरनॅशनल खेळला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा उतरला, एकदा कांस्य मिळालं. एकविसाव्या वर्षी सरावात पट काढताना गुडघा फिरला, आतली शीर तुटली. ऑपरेशन झालं, आणि चार महिने तो आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. काय बोलावं हे आम्हाला सुचत नव्हतं. त्याला आठवण नको म्हणून एका दुपारी ह्यांनी आणि मी मिळून सगळे कप, ढाली, पटके पोत्यात भरले आणि माळ्यावर टाकले. भिंतीवर नुसते खिळे राहिले. संध्याकाळी तो काठी टेकत बाहेर आला, भिंतीकडे बघितलं आणि ह्यांना म्हणाला, "बाबा, आता पाहुण्यांना सांगायला लाज वाटते का?"

आम्ही त्याचं दुःख झाकायला गेलो आणि त्याला वाटलं, आम्ही त्यालाच झाकतोय. ह्यांनी त्या रात्री शिडी लावून एक एक ढाल खाली आणली. पुसून परत लावली. बोलले काही नाहीत, त्यांना बोलता येत नाही. पण मुलगा दारात उभा राहून कुठली कुठे होती ते सांगत होता. दुसऱ्या महिन्यात त्याने बी. पी. एड.चा फॉर्म भरला. बारावी आणि बी. ए. झालेली होती म्हणून भरता आला.

तुमच्या मुलाच्याही वाट्याला असा एखादा दिवस येईल. गुडघा असेल, खांदा असेल, नाही तर निवड चाचणीतला एक गुण असेल. कान तर सुजून मोडणारच, ते कान पैलवान लोक मिरवतात, पण आईला पहिल्यांदा बघताना पोटात तुटतं. त्या दिवशी घरात काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा. कुस्ती हरून आल्यावर घरी येईपर्यंत गाडीत डाव समजावू नका. मोबाईलवर काढलेली कुस्ती त्याला लगेच दाखवू नका. त्याचं त्याला माहीत असतं कुठे चुकलं. दोन दिवसांनी तो स्वतः म्हणेल, "बाबा, ती कुस्ती दाखवा." तोवर जेवायला वाढा.

एक माझ्या लेकीचं सांगायचं राहिलं. ती आता नर्स आहे. मागच्या दिवाळीला आम्ही दोघी चुलीपुढे बसलो होतो, दूध तापत होतं, साय धरली होती. ती सहज म्हणाली, "आई, आपल्या घरात साय कायम दादाच्या पेल्यात असायची." रागाने म्हणाली नाही. हसतही नव्हती. मला आठवलं, एका म्हशीचं दूध आणि पैलवान मुलगा, तेव्हा तिच्या वाट्याला चहापुरतं दूध यायचं, आणि तिने कधी मागितलं नव्हतं. तीही वाढत्या वयाचीच होती. भावाचे घामाचे कपडे तिने धुतले, त्याच्या स्पर्धेला घर बंद करून आम्ही गेलो तेव्हा ती मावशीकडे राहिली, आणि कप त्याचे आले तेव्हा गल्लीभर पेढे तिनेच वाटले.

तर त्या बाई. चहा झाला, बाहेर बाप उठला, सहाची एसटी यायची होती. मुलगा अंगणात माझ्या मुलासमोर बैठका मारून दाखवत होता, आणि त्याची बहीण उंबऱ्यात बसून त्या मोजत होती. बाईंनी पदर सावरला आणि जाता जाता पुन्हा विचारलं, "काकू, ते बदामांचं?"

"सात-आठ पुरे झाले सुरुवातीला," मी म्हणाले. "रात्री भिजवायचे, सकाळी सोलून द्यायचे. आणि हिलाही तेवढेच."

त्यांनी मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पंधरा-सोळा."

"हो," मी म्हणाले, "पंधरा-सोळा."